गॅस काढून इंडक्शन: मंजूर भार वाढवताना मीटर आजोबांच्या नावावर असेल तर?

फोंड्यात जुनं कौलारू घर, सिंगल फेज. गॅसची शेगडी आणि न्हाणीघरातला गॅस गिझर (याची तर भीतीच वाटते) काढून इंडक्शन आणि विजेचा गिझर बसवायचाय, दोन्ही 2000 वॅटचे. बिलावर मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरायची परवानगी आहे ते) 3 किलोवॅट. सकाळी दोन्ही एकदम लागले की तिथेच 4, पंप-फ्रिज वेगळे. वायरमनने पाहिलं, दोन्हींना बोर्डापासून स्वतंत्र वायर, 16 अँपियरचे सॉकेट, नवं अर्थिंग सांगितलंय, ते करून घेतोय. एक सिलिंडर ठेवणारच, पावसात विजेचा भरवसा नाही.

अडचण अशी की मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे, वारसांची कागदपत्रं व्हायचीत. वीज खात्यात भार वाढवायला आधी मीटर नावावर करावाच लागतो, की बाकी वारसांच्या ना-हरकतीवर भागतं? आणि भार 5 किलोवॅट करून घेतला तर सिंगल फेज चालतं का?