कीसेफचा (दाराशेजारच्या किल्लीच्या पेटीचा) नंबर कुणाकुणाकडे? केअरच्या कंत्राटात डेटा-सुरक्षेची अट हवी का?

लेस्टरकर:
इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या एजन्सींना काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, काम देते. माझं म्हणणं सरळ आहे: 'डेटा सिक्युरिटी अँड प्रोटेक्शन टूलकिट' ही दरवर्षीची स्वयंतपासणी पूर्ण नसेल, तर कंत्राटच देऊ नये.

ऑगस्ट २०२२मध्ये अॅडव्हान्स्ड या सॉफ्टवेअर कंपनीवर रॅन्समवेअर (माहिती अडकवून खंडणी मागण्याचा) हल्ला झाला. एका खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती, तिथून चोर शिरले. ७९,४०४ जणांची माहिती गेली. त्यातल्या ८९० जणांच्या घरात कसं शिरायचं, तेही त्यात होतं! अशा घरांतली कितीतरी माणसं अंथरुणातून उठूही शकत नाहीत. मार्च २०२५मध्ये कंपनीला ३०.७ लाख पौंड दंड झाला.

बारा_जणी:
तुमचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. हल्ला झाला एनएचएस १११ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या बड्या कंपनीवर, आणि अट माझ्यावर? माझी एजन्सी बारा बायकांची. टूलकिट मीच भरते, रविवारी रात्री, रोटा (कामाच्या पाळ्या) लावून झाल्यावर. काउन्सिलच्या तासाच्या दरात पगार, पेन्शन, पेट्रोल कसंबसं बसतं. अट आली तर आमच्यासारख्या गाशा गुंडाळतील आणि आजींच्या दारात दर आठवड्याला नवा चेहरा उभा राहील. आधी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला धरा.

लेस्टरकर:
दर वाढवून मिळायलाच हवा. निविदेतच या खर्चाची वेगळी रक्कम धरावी. पण औषधं देण्याचं प्रशिक्षण महाग पडतं म्हणून तुम्ही ते टाळता का? नाही ना? मग हेही तसंच.

रात्रपाळी:
मी केअरर, नाशिकहून आलेली. आधीच्या एजन्सीचं टूलकिट पूर्ण होतं. पण खेड्यातल्या घरांत रेंज नसायची, नंबर ज्यात असायचे ते अॅप उघडायचं नाही. मग सुपरवायझर कीसेफचे नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची. नोकरी सोडून गेलेल्या दोघी त्या ग्रुपवर तशाच होत्या. अट जरूर घाला, पण काउन्सिलच्या माणसाने एकदा सकाळी सातला आमच्याबरोबर फेरीला यावं आणि दाराशेजारची ती पेटी आम्ही कशी उघडतो ते बघावं. एका आजोबांचा नंबर तीन वर्षं बदललाच नव्हता.

बारा_जणी:
हे मात्र लागलं. नंबर बदलायला आम्हीही टाळाटाळ करतो, कारण मुलगा, नर्स, शेजारीण सगळ्यांना कळवावं लागतं. उद्यापासून एकेक घर घेते. दराचा मुद्दा सोडणार नाही.