बॅटरी ‘फुगली’, पण कशासारखी?

(चौघांची लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणंद

परवा आईने फोन माझ्यापुढे धरला. “ह्याचं पोट बघ, गच्च झालंय.” मागचं झाकण एका कडेने वर आलं होतं आणि ती ते अंगठ्याने दाबून परत बसवत होती, लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवावं तसं. मी ओरडलोच. तिचं उत्तर तयार होतं : “फुगलीये तर फुगू दे. फोन चालतोय ना?”

तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय. आपल्याकडे फुगणं बहुतेक वेळा चांगलंच असतं. भाकरी टम्म फुगली तर करणारीचं कौतुक होतं. इडलीचं पीठ फुगलं नाही तर सकाळ वाया जाते. माणूस फुगून बसला तर तासाभराने बोलायला लागतो. पावसाळ्यात दार फुगतं, तेसुद्धा दिवाळीपर्यंत चौकटीत बसायला लागतं. आईला धोका कळला नाही यात तिची काय चूक? शब्दातच धोका नाही! ‘बॅटरी सुजली’ म्हटलं तर? तुमच्याकडे काय म्हणतात?

चौथरा

‘सुजली’ नको. सुजायला जीव लागतो, मार लागतो, ठणका लागतो. शिवाय सूज उतरते. बॅटरीची उतरत नाही.

पिठाची उपमा मात्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा जवळची आहे. पिठात आंबण्यामुळे वायू धरतो. लिथियम-आयन बॅटरीतही आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतात, त्याला कारण वय, उष्णता किंवा जास्त चार्जिंग. फोनची बॅटरी बहुधा ॲल्युमिनिअमच्या पातळ थराच्या पाकिटात बंद असते, म्हणून पाकीटच फुगतं. फरक इतकाच की त्या वायूंतले काही पेट घेणारे असतात आणि द्रावणही पेटणारं असतं.

जाता जाता. ‘बॅटरी’ हा मुळात तोफखान्यातला शब्द. १७४९ साली बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणारी काचेची तावदानं एकत्र जोडली आणि त्या जोडणीला तोफांच्या रांगेचं नाव दिलं. म्हणजे एकटी-दुकटी ती बॅटरी नव्हेच. आपल्या आजोबांना हे बरोबर कळलं होतं. ‘तीन सेलची बॅटरी’ म्हणताना सेल वेगळा आणि बॅटरी वेगळी, फक्त त्यांची बॅटरी म्हणजे अख्खी विजेरी. ‘बॅटरी मार रे तिकडे’ हे वाक्य आजच्या मुलाला सांगून बघा.

तिरकस

शाळेच्या पुस्तकातला ‘विद्युत घट’ कुणी विसरलं का? ‘माझा घट फुगला’ असं दुकानात जाऊन म्हणा, माठवाल्याकडे पाठवतील. चार्जला तिथे ‘प्रभार’ म्हणतात, आणि मुख्याध्यापक रजेवर गेले की येतात ते ‘प्रभारी’. दोन्हीकडे मूळ इंग्रजी शब्द एकच. मराठीत हा योग आपोआप जुळला की कुणी मुद्दाम जुळवला, देव जाणे.

लोकांनी मात्र आपला रस्ता काढलाच. ‘फोनला चार्जिंग नाही’, ‘चार्जिंग संपलं’. इंग्रजीत ते क्रियेचं नाव, आपण त्याचा पदार्थ करून टाकला, रॉकेलसारखा. भरायचं, संपायचं, शेजाऱ्याकडून थोडं मागायचं. मला हा ‘प्रभारा’पेक्षा शंभरपट अस्सल मराठी शब्द वाटतो, मूळ कुठलंही असो.

आणि ‘उतरणे’ जपून वापरा. बॅटरी उतरली म्हणजे संपली. पण खांबात करंट उतरला म्हणजे माणूस जायची वेळ. लोखंडी कपाटात करंट उतरलाय म्हटलं की कुणी हात लावत नाही. फोनच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या फोनवरून हलकेच बोट फिरवलं तर कधी कधी बारीक झिणझिण्या येतात. चांगल्या चार्जरमध्ये ती गळती अगदी किरकोळ असते. फुटपाथवरच्या पन्नास रुपयांच्या चार्जरची हमी मी देणार नाही. खरेदी करताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. नसला तर ठेवा तिथेच.

काठावरचा

मी सांगलीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, म्हणून बोलतो. गिऱ्हाईक ‘फुगली’ म्हणत येतच नाही. ‘डिस्प्ले उचललाय, जरा चिकटवून द्या’ म्हणत येतं. आत उघडलं की कारण दिसतं. हिंदी बोलणारे कारागीर ‘फुल गयी’ म्हणतात, त्यावरून आमची पोरंही ‘फुललीय’ म्हणतात. मोगरा फुलावा तशी!

पूर्वी बॅटरी काढता यायची तेव्हा सोपी परीक्षा होती : सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवायची. भोवऱ्यासारखी फिरली की बाद. आता ती आत चिकटवलेली असते, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर घालून घरी उचकटायचा उद्योग कृपा करून करू नका. पाकिटाला भोक पडलं की आत शॉर्ट होतं, तापतं, आणि तापल्याने आणखी तापतं. पेपरवाले त्याला सरसकट ‘स्फोट’ म्हणतात. मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा आधी सूं करून पांढरा धूर, मग भडका. दणका कुठेच नव्हता. ‘स्फोट’ ऐकून माणूस धडाड आवाजाची वाट बघत बसतो आणि धुराकडे दुर्लक्ष करतो.

पाणंद, तुमच्या प्रश्नाकडे. भाकरी सोडा. आमच्याकडे फुगते ती नदी. ‘कृष्णा फुगलीय’ म्हटलं की कुणी कौतुक करत नाही, सामान माळ्यावर चढवायला लागतात. धरणामागे पाणी तुंबतं त्याला फुगवटा म्हणतात. २०१९च्या पुरानंतर कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून इथे किती वाद झाले ते गावातल्या कुणालाही विचारा. शब्द तोच आहे हो. ऐकणारा कुठल्या काठावर राहतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

चौथरा

हे मान्य. ‘भिंत फुगली’ही त्याच जातीचं. आतून दाब, वरून सगळं शांत.

एक पुरवणी : अशी बॅटरी ओल्या-सुक्या कुठल्याच डब्यात टाकायची नसते. तिच्यावर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं ते त्यासाठीच. २०२२च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे सेवा केंद्रात विचारायला लाजू नका. भंगारवाल्याला देऊ नका, तो बिचारा हातोडी घेतो.

पाणंद

काठावरचा, तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिचं माहेर पंचगंगेच्या काठचं. पुढचं काही सांगावं लागलं नाही, फोन तिने स्वतः बंद केला आणि उशाशी ठेवायची सवय असूनही उचलून गॅलरीत नेला. उद्या सेवा केंद्र उघडेपर्यंत तो मातीच्या रिकाम्या कुंडीत, वाळूवर ठेवलाय.

बाबा संध्याकाळी विचारत होते, कुंडीत काय लावलंय. आई म्हणाली, “विद्युत घट.” शाळेत शिकवायची ती, हे मी सांगायचं राहिलं.