खिवाच्या पुढे काराकल्पाकस्तानातले मातीचे किल्ले, वयस्कर आई-बाबांना घेऊन जावं का?

वाटसरू_नाशिक

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन उझबेकिस्तानला जायचं जवळपास नक्की झालंय, ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा असा सगळे करतात तोच मार्ग आहे. पण बाबांना (वय ६९, इतिहासाचे शिक्षक होते, उभ्या आयुष्यात सह्याद्रीतले किल्ले सोडून कुठे फिरले नाहीत) कुठून तरी कळलंय की खिवाच्या उत्तरेला काराकल्पाकस्तानात (उझबेकिस्तानातलाच स्वायत्त प्रांत) किझिलकुम वाळवंटात दोन हजार वर्षांपूर्वीचे किल्ले आहेत आणि आता त्यांनी तेच मनात धरलंय, समरकंद राहिलं तरी चालेल म्हणतात. टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला तिथे काही नाही हो, मातीचे ढिगारे आहेत, खिवाहून अर्ध्या दिवसात उरकून येऊ. मला ते "उरकून" काही पटलं नाही. कोणी गेलंय का? बाबांचा डावा गुडघा दुखतो पण चढतात हळूहळू, आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडं चालतं. दोन दिवस द्यावेत का? खरं काय ते सांगा.

रानवाट

द्या, दोन दिवस नक्की द्या. मी आणि माझी बहीण गेलो होतो तेव्हा आम्हीही अर्ध्या दिवसाचीच गाडी ठरवली होती, ड्रायव्हरला परतायची घाई, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि तिथल्या अयाझ काला या किल्ल्यावर पोचलो तेव्हा ऐन दुपार. ऊन डोक्यावर असताना मातीची भिंत सपाट, पांढुरकी दिसते, काहीच कळत नाही. परत येताना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी वेगळी गाडी करून पुन्हा गेलो, या वेळी संध्याकाळी, आणि तेच किल्ले ओळखू येईनात! तिरप्या उन्हात बुरूजांच्या रेषा, बाणांसाठी ठेवलेल्या उभ्या फटी, सगळं उठून येतं.

तुमच्या बाबांसाठी सांगते, "काला" म्हणजे आपला किल्लाच, दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दातून आलेत. त्या भागाला एल्लिक काला म्हणतात, म्हणजे पन्नास किल्ले. अयाझ काला खरं तर तीन आहेत. टेकडीवरचा सगळ्यात जुना, इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला धरतात, त्याला दुहेरी तटबंदी आहे आणि दोन भिंतींच्या मधून कमानींचं बोळ जातं, ते अजून काही ठिकाणी दिसतं. खालच्या लहान टेकाडावर दुसरा, तो बराच नंतरचा, आणि सपाटीवर तिसरा, मोठा, पसरलेला. वरच्या किल्ल्यावरून दुसरा किल्ला, त्याच्या मागे खारं तळं आणि मग नुसतं वाळवंट असं एकाच नजरेत येतं, माझ्या मते सगळ्या उझबेकिस्तानात याच्या तोडीची दुसरी जागा नाही. चढ वाळूचा आहे, पंधरा-वीस मिनिटं, हळू गेलं तर अर्धा तास. काठी न्या. गुडघा अगदीच बोलला तर सपाटीवरचा किल्ला बघून खालूनही छान दिसतं.

तोप्राक काला मात्र चुकवू नका, तो चढायला सोपा आहे. तोप्राक म्हणजे माती. ख्वारझमच्या (या भागातल्या जुन्या राज्याच्या) राजांचा तिथे राजवाडा होता, साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते सहाव्या शतकातलं शहर. १९३७ पासून सर्गेई तोल्स्तोव यांच्या सोविएत मोहिमेने हा सगळा मुलूख पालथा घातला, विमानातून पाहणी करून गाडले गेलेले कालवे शोधले. तोप्राक कालामध्ये त्यांना लाकडावर आणि चामड्यावर ख्वारझमी भाषेत लिहिलेले कागदपत्र सापडले, त्यात घराघरातल्या पुरुषांच्या याद्या आहेत, घरधनी, मुलगे, जावई, गुलाम सगळे. मी हे आधी वाचून गेले होते म्हणून त्या रिकाम्या खोल्यांच्या खड्ड्यांत उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. वाचून जा हेच माझं सांगणं, तिथे पाट्या जवळजवळ नाहीत.

खिवाहून सकाळी निघा, दीड-दोन तास लागतात, तोप्राक काला आणि शेजारचा किझिल काला करा, भर दुपारी अयाझच्या पायथ्याशी यूर्तचा (नमद्याच्या गोल तंबूंचा) कॅम्प आहे तिथे जेवून आडवे व्हा, चारनंतर वर जा आणि रात्री तिथेच राहा. फक्त एक, यूर्तमध्ये झोपायला जमिनीवर गाद्या असतात, काकांना उठताना त्रास होईल, आधीच सांगून दोन-तीन गाद्या एकावर एक टाकून घ्या. संडास बाहेर आहे, टॉर्च हवाच.

समरकंदमधून_लातूरचा

दादा, मी इथे समरकंदला मेडिकलला आहे, आम्ही पाच जण गेल्या वर्षी सुट्टीत गेलो होतो. वर ताईंनी किल्ल्यांचं सांगितलंय, मी काकूंच्या जेवणाचं सांगतो कारण आमच्यातला एक जण शाकाहारी होता आणि पहिल्या दिवशी तो नुसत्या नॉनवर, म्हणजे इथल्या रोटीवर राहिला. ख्वारझम भागात तुखुम बराक म्हणून एक पदार्थ मिळतो, पिठाच्या पातळ पारीत अंडं भरून उकडतात, वर दही, काकूंना अंडं चालतं तर हे खिवात नक्की मागा. भोपळ्याचा सोमसा (समोशासारखाच, पण भट्टीत भाजलेला) मिळाला तर घ्या. "गोश्तसिझ" म्हणजे बिनमटणाचं, हा शब्द पाठ करा, पण सूप भाजीचं दिसलं तरी रस्सा हाडांचाच असतो तेव्हा सूप नकोच. आणि सब्जी मागू नका, इथे सब्जी म्हणजे गाजर! 😀 मेतकूट, दाण्याची चटणी, थोडे पोहे बरोबर आणा, गरम पाणी कुठेही देतात, हिरवा चहा तर बसल्या बसल्या समोर येतो.

कॅश भरपूर ठेवा, किल्ल्यांच्या बाजूला कार्ड चालत नाही. पाणी माणशी तीन लिटर तरी गाडीत टाका. हॉटेलवाले नोंदणीची चिठ्ठी देतात त्या सगळ्या जपून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये ४० च्या पुढे जातं, ऑक्टोबर एकदम बरोबर निवडलाय, पण रात्री थंडी पडते आणि वारा जोरात असतो, कानटोपी घ्या काकांना.

अजून एक, परत खिवाला येऊ नका, तसंच पुढे नुकुसला, काराकल्पाकस्तानच्या राजधानीला जा. वाटेत चिल्पिक लागतं, अमू दर्या नदीच्या काठाजवळ उघड्या टेकडीवर गोल मातीची भिंत, जरथुष्ट्री लोक तिथे मृतदेह ठेवायचे. मुंबईत डुंगरवाडी आहे ना पारशांची, तीच पद्धत. मी तिथे वर उभा राहून घरी व्हिडिओ कॉल केला, आजीला दाखवलं, तर आजीने पलीकडून हात जोडले.

नुकुसचं साविट्स्की म्युझियमही बघा, १९६६ ला सुरू झालं, सोविएत सरकारला नको असलेली चित्रं इगोर साविट्स्की यांनी मॉस्कोपासून इतक्या लांब आणून वाचवली. नुकुसहून ताश्कंदला विमान आहे.

पांढरीमाती

मी मातीच्या बांधकामात काम करतो म्हणून राहवत नाही. ज्यांनी मराठवाड्यातल्या, सोलापुरातल्या गढ्या बघितल्यात त्यांना हे किल्ले लगेच कळतील. आपल्याकडे पाटलांच्या-देशमुखांच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या, तशीच ही भिंत, खाली चोपून बसवलेल्या ओल्या मातीचे थर (त्याला तिकडे पाख्सा म्हणतात) आणि वर उन्हात वाळवलेल्या विटा. दोन हजार वर्षं टिकल्या कारण पाऊस फार कमी. पण माणसाचा पाय पडला की कड ढासळते, आणि एकदा कड गेली की पुढच्या पावसात ओघळ पडून भिंत आतून पोकळ होते. आमच्या गावची गढी लोकांनी माती नेऊन नेऊन माझ्या डोळ्यांदेखत संपवली, म्हणून कळकळीने सांगतोय, फोटोसाठी भिंतीवर चढू नका, मळलेल्या पायवाटेवरूनच जा, खापराचा तुकडा दिसला तरी जागेवर ठेवा. तिथे अडवायला कोणी नसतं, म्हणूनच.

आणि बाबांना एक गोष्ट बघायला सांगा. किल्ल्यावरून उभं राहून खाली कुठे हिरवं आहे आणि कुठे नाही ते बघा. हे किल्ले बांधले तेव्हा वाळवंटात नव्हते, कालव्यांच्या शेतीत होते. अमू दर्याने पात्र बदललं, कालवे आटले, स्वाऱ्या आल्या, माणसं उठून गेली. नुकुसच्या उत्तरेला मुयनाकला अरल समुद्राचं आमच्या पिढीत तेच झालं, १९६० नंतर कापसासाठी नद्यांचं पाणी वळवलं आणि बंदरातल्या बोटी वाळूत राहिल्या. ज्यांच्याकडे तिसरा दिवस आहे त्यांनी तिथेही जावं.

वाटसरू_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना मोबाइल हातात देऊन सगळं वाचायला लावलं. गढीचं वाचून ते बराच वेळ गप्प होते, त्यांच्या आजोळची गढी पण अशीच गेली. समरकंदची एक रात्र कमी केली, यूर्तमध्ये एक आणि नुकुसला एक असं ठरलं. मुयनाक या खेपेला जमणार नाही, आईला एवढा प्रवास झेपणार नाही. रस्त्यात बेरुनी नावाचं गाव दिसतंय नकाशात, ते अल-बिरुनीचं का? बाबा विचारतायत.

रानवाट

हो, त्यांचंच! ९७३ मध्ये त्यांचा जन्म तिथल्या काथ या जुन्या राजधानीत झाला, तेच आजचं बेरुनी. भारतावरचा त्यांचा ग्रंथ काकांनी शिकवला असेलच. तोप्राक कालाला जाताना गाडी तिथूनच जाते, ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबायला सांगा, काकांना बरं वाटेल. आणि काकूंसाठी उशी घरून न्या, यूर्तमधल्या उशा फार कडक असतात.