लोड वाढला की एव्हीआर (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रिले) व्होल्टेज कमी करतोय, सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) उलटी का?

प्रश्न: ट्रान्सफॉर्मर ३३/११ केव्ही, १० एमव्हीए. ११ केव्ही बाजूला सीटी ६००/१ आर फेजवर, पीटी (व्होल्टेज मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आर-वाय फेजमध्ये. लाइन ड्रॉप कॉम्पेन्सेशन (लाइनमधली व्होल्टेजची घट भरून काढायला लोडप्रमाणे व्होल्टेज वाढवणारी सोय) बंद असताना सगळं ठीक.

उत्तर १: एस१-एस२ (सीटीच्या सेकंडरीची दोन टोकं) उलटे दिसतात. फुल लोडला ५२५ अँपिअर, म्हणजे सेकंडरीत ०.८७५. कॉम्पेन्सेशनचं एक्स (रिअ‍ॅक्टन्स) सेटिंग शून्य ठेवून फक्त आर (रेझिस्टन्स, फेज नव्हे) वाढवा. ‘रेज’ (व्होल्टेज वाढवा) हा आदेश यायला हवा.

उत्तर २: एव्हीआरचं फेज सेटिंगही बघाच. युनिटी पीएफला (पॉवर फॅक्टर १ असताना) आर-वाय व्होल्टेज आर फेजच्या करंटच्या ३० अंश पुढे असतं. पण तेवढ्याने दिशा उलटत नाही, कॉम्पेन्सेशन चुकतं इतकंच.

उत्तर ३: आधी शॉर्टिंग लिंक (सीटीची दोन्ही टोकं जोडणारी पट्टी) लावा, मगच वायर सोडा! लोडवर सेकंडरी उघडी राहिली तर जीवघेणं व्होल्टेज येतं. अदलाबदल एव्हीआरच्या टर्मिनलवरच करा, नाहीतर त्याच लूपमधला मीटर उलटेल. अर्थिंग एकाच ठिकाणी.

प्रश्नकर्ता: एस१-एस२ उलटेच होते. आता ‘रेज’ येतंय.