‘फॉर लूप लिहिणाऱ्याला रस्ट येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

तापीकाठ
परवा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेबद्दलच्या एका पोस्टमध्ये ठणकावून लिहिलं होतं: ‘रस्टमध्ये फॉर लूप म्हणजे सीची सवय न सुटल्याची खूण. सगळं इटरेटरच्या साखळीत लिहा, वेग आपोआप मिळतो.’ त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबण.

इटरेटर म्हणजे एकेक घटक हातात देत जाणारी वस्तू, साखळी म्हणजे त्यावर एकापुढे एक जोडलेल्या क्रिया. फॉर आणि इटरेटर हे दोन पक्ष नाहीतच. कंपायलर फॉरचं काय करतो? समोरच्या वस्तूवर इनटू-इटर बोलावतो, म्हणजे तिचा इटरेटर करून घेतो, आणि साध्या ‘लूप’मध्ये नेक्स्ट, म्हणजे पुढचा घटक, मागत राहतो. ‘सम’ (Some, घटक आहे) आलं की आतला कोड, ‘नन’ (None, संपलं) आलं की ब्रेक. भांडण असलंच तर ते इंडेक्सने (घटकाच्या क्रमांकाने) व्हेक, म्हणजे वाढवता येणारी यादी, चाळण्याशी आहे.

तिथेही एकच व्हेक ० ते लेन (लांबी) असा चाळला आणि मध्ये त्याच्या लांबीला हात लावला नाही, तर एलएलव्हीएम (कंपायलरचा मशीन कोड बनवणारा भाग) बहुतेक वेळा बाउंड्स चेक, म्हणजे इंडेक्स हद्दीत आहे ना ही तपासणी, काढून टाकतो. रिलीज बिल्डमध्ये (वेगासाठी बनवलेल्या) मग दोन्हींचा मशीन कोड जवळजवळ सारखा. फरक पडतो दुसरा व्हेक आला की. लूप ‘ए’च्या लांबीवर आणि आत ‘बी’लाही तोच इंडेक्स. ‘बी’ तेवढा लांब आहे हे कंपायलरला कुठून कळणार? तो दर फेरीला तपासतो. तपासणी स्वस्त असते, पण मध्येच पॅनिकची (प्रोग्राम एररने थांबण्याची) वाट राहिल्यामुळे व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणं) हुकतं, खरं नुकसान तिथे. उपाय एका ओळीचा: लूपच्या आधी ‘बी’चा ‘ए’एवढा स्लाइस (तुकडा) काढून घ्या. आखूड निघाला तर लूपच्या बाहेरच पॅनिक होईल.

साखळीवाले इथे झिप, म्हणजे दोन याद्यांच्या जोड्या लावणं, सुचवतात. वेगवान आहे, पण लांब्या जुळल्या नाहीत तर आखूड बाजू संपताच मुकाट थांबतं. ठिबकच्या दोन सेन्सरची दर मिनिटाची नोंद घ्या. एकाच्या दिवसाला १४४०, दुसऱ्याच्या दोन गळाल्या म्हणून १४३८. झिप १४३८ जोड्या देणार आणि गळालेल्या जागेपासून पुढच्या सगळ्या चुकीच्या. निदान आयटरटूल्स या लायब्ररीतलं झिप-ईक्यू लावा, लांबी चुकली की ते पॅनिक करतं.

रावेर_बाग
हाव भो, पोस्ट माझीच. मागे घेत नाही.

झिपची भीती दाखवता, मग ‘० ते लेन वजा १’ची का नाही? शेजारच्या दोन नोंदींची तुलना करायला निम्मे लोक तेच लिहितात. व्हेक रिकामा आला की यूसाइझमध्ये (ऋण होऊ न शकणाऱ्या पूर्णांकात) ० वजा १. डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या) पॅनिक, रिलीजमध्ये गुंडाळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५. विंडोज(२), म्हणजे शेजारच्या दोन-दोन घटकांचे तुकडे, लावलं तर रिकाम्या व्हेकवर शून्य फेऱ्या, विषय संपला. मागून पुढे येताना ‘आय शून्यापेक्षा मोठा किंवा समान असेपर्यंत’ ही व्हाइलची अट यूसाइझला कधीच खोटी ठरत नाही. तिथे उलट चाळणारं रेव्ह आहे.

आणि लूपमध्ये रिमूव्ह करणारे! फॉरमध्ये ० ते लेन हे एकदाच मोजलं जातं. एक घटक काढला की पुढचा मागे सरकतो, तो तपासायचा राहतो, आणि शेवटी इंडेक्स बाहेर जाऊन पॅनिक. शिवाय दर रिमूव्हला मागचं सगळं सरकवणं. हवे तेवढेच घटक ठेवणारं रिटेन ते एका फेरीत करतं. ही सीची सवय नाही तर काय?

पांझरा_वारा
दोघांचंही चालू द्या. मूळ दुखणं बॉरो चेकर आहे, म्हणजे डेटा कोण वाचतो, कोण बदलतो ते तपासणारा कंपायलरचा भाग. व्हेकवर फॉर लावून आत साधा पुश (शेवटी घटक जोडणं) करायचा म्हटलं की ई०५०२ ही एरर. सी प्लस प्लसमध्ये तेच बिनबोभाट चालतं.

तापीकाठ
काय सांगस भाऊ! ‘चालतं’? कपॅसिटी (राखलेली जागा) शिल्लक आहे तोवर चालल्यासारखं दिसतं. भरली की व्हेक्टर नवीन जागी जातो, लूपचा पॉइंटर जुन्या जागेवरच राहतो, आणि मग अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे काहीही होऊ शकतं. चाचणीत दहा नोंदींवर पास, सीझनमध्ये दहा हजारांवर क्रॅश.

रस्टमध्ये चाळता चाळता वाढवायचंच असेल तर व्हाइल आय लेनपेक्षा लहान, आत पुश, शेवटी आय अधिक १. बॉरो (उसना घेतलेला ताबा) त्या ओळीपुरता असतो, कंपायलर काही म्हणत नाही. आणि हे, रावेरभाऊ, कुठल्याही साखळीत बसत नाही.

रावेर_बाग
बसत नाही, मान्य. अशी गरज वर्षातून किती वेळा पडते ते पण सांगा.

पांझरा_वारा
ग्राफ चाळणाऱ्याला रोज पडते. वर्षातून म्हणे.

भुसावळ_यार्ड
‘वेग आपोआप मिळतो’ याचं कुणीच बोललं नाही. साखळी वेगवान होते ती इनलायनिंगमुळे (फंक्शनचा कोड जागीच पसरवणं). डीबगमध्ये इनलायनिंग नाही, दर नेक्स्ट खरा फंक्शन कॉल. लोक कार्गो रनवर, म्हणजे डीबग बिल्डवरच, मोजतात आणि ‘रस्ट स्लो आहे’ म्हणून बोंब मारतात. डीबग असह्य झाला तर कार्गोच्या सेटिंगमधल्या प्रोफाइल डेव्हमध्ये ऑप्ट-लेव्हल १ करा.

रिलीजमध्येही सगळं फुकट नाही. ० ते एन ‘एनसकट’ या रेंजला शेवटचा आकडा देऊन झाला का याचा वेगळा झेंडा ठेवावा लागतो, नाहीतर यू८ (एका बाइटचा आकडा) चा २५५ कधी मोजताच आला नसता. आतल्या गरम लूपमध्ये तो जाणवू शकतो. दोन इटरेटर एकापुढे एक जोडणाऱ्या चेनवर फॉर लावला की दर फेरीला ‘पहिला भाग संपला का’ हा प्रश्न. तिथे फॉर-ईच (दर घटकावर कृती चालवणारी साखळीतली कडी) लावा, आतून दोन वेगळे लूप होतात. (हा मुद्दा साखळीच्या बाजूने गेला, रावेरवाल्यांनी हुरळू नये.)

दशांशाची बेरीज साखळीतलं sum घालून केली तरी व्हेक्टराइज होत नाही, कारण क्रम बदलला की उत्तर बदलतं आणि कंपायलर ते स्वतःहून करत नाही. चंक्स-एक्झॅक्ट(८), म्हणजे बरोबर आठ-आठचे तुकडे, घेऊन आठ वेगळ्या बेरजा ठेवा, आणि उरलेले रिमेंडरमधून घ्या. ते विसरलं की शेवटचे सातपर्यंत आकडे बेरजेत येतच नाहीत.

एरंडोल_ताई
सगळे नॅनोसेकंद मोजताहेत आणि पैसे बुडतात ते भलत्याच ओळीत. ‘लाइन्स डॉट फ्लॅटन’. साखळीप्रेमींची आवडती ओळ, म्हणून इथेच लिहिते.

लाइन्स फाइलच्या दर ओळीला रिझल्ट (ओळ किंवा एरर) देतं. त्यावर फ्लॅटन म्हणजे एरर आला की गुपचूप टाकून द्या. आता जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या जुन्या सॉफ्टवेअरची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली फाइल) घ्या. शेतकऱ्याचं नाव युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे १२७ च्या वरचे सुटे बाइट. ते यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) नाही, लाइन्स त्या ओळीला इनव्हॅलिड डेटा म्हणणार, फ्लॅटन ती गिळणार. इंग्रजीत नाव असलेल्यांचं वजन बेरजेत आलं, मराठीत असलेल्यांचं गायब. ना पॅनिक, ना लॉग.

रावेर_बाग
ताई, हा लाइन्सचा दोष नाही, वापरणाऱ्याचा. कलेक्ट (गोळा) करून रिझल्टमध्ये व्हेक घ्या, पहिल्या एररला थांबतं.

एरंडोल_ताई
थांबतं, आणि ४० हजार ओळींची फाइल तिसऱ्या ओळीवर नापास. काट्यावरच्या माणसाला काय सांगणार, फॉन्ट बदला?

अजून वाईट ऐका. लिनक्सवर चुकून फाइलऐवजी फोल्डरचा पाथ दिला तर फाइल-ओपन यशस्वी होतं. वाचायला गेलं की एरर, पुन्हा मागितलं की पुन्हा तोच, ‘नन’ कधी येतच नाही. फ्लॅटन गिळत राहतं आणि प्रोग्राम कायमचा अडकतो. क्लिपी या रस्टच्या कोड तपासणाऱ्या साधनात यासाठी वेगळा लिंट (इशारा) आहे, तो बंद करून फिरणाऱ्यांना माझा नमस्कार.

भुसावळ_यार्ड
फोल्डरवाली गंमत झकास आहे. फ्लॅटनऐवजी मॅप-व्हाइल, आत रिझल्ट-ओके, म्हणजे पहिल्या एररला साखळी थांबेल?

एरंडोल_ताई
अडकणं थांबेल, पण पहिल्या खराब ओळीनंतरची सगळी फाइल जाईल. म्हणजे आधीपेक्षा कमी बेरीज, तितकीच शांतपणे.

बाइटवर या. रीड-अनटिल (ठरावीक बाइटपर्यंत वाचणारं), डिलिमिटर (थांबण्याची खूण) नवी ओळ, बफर म्हणून एकच यू८ चा व्हेक, बाहेर एक साधा लूप. शून्य बाइट आले की ब्रेक. एरर आला तर प्रश्नचिन्हाने (एरर लगेच परत देणारं रस्टचं चिन्ह) बाहेर. स्वल्पविरामावर बाइट तोडा, वजनाच्या रकान्याचं तेवढं यूटीएफ-८ करून पार्स करा (आकड्यात बदला), नावाला हात लावू नका. पार्स फसलं तर ओळ क्रमांकासकट वेगळ्या यादीत. दर ओळीला नवी स्ट्रिंग वाटप करणंही वाचतं, वेगवाल्यांनो.

दोन खड्डे. रीड-अनटिल जुन्याच्या पुढे जोडतं, म्हणून दर फेरीच्या सुरुवातीला क्लिअर, नाहीतर दुसऱ्या फेरीत पहिली ओळही असते. आणि लाइन्स शेवटचा कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळीअखेरचा जादा बाइट) काढून देतं, हे देत नाही. विंडोजच्या फाइलमध्ये वजन शेवटच्या रकान्यात असेल तर ‘४५.५’च्या मागे दोन बाइट चिकटलेले, पार्स फसणार. आधी ट्रिम, म्हणजे कडेची रिकामी जागा काढा.

तापीकाठ
वाटलं होतं तेच. क्लोजरमध्ये (साखळीला दिलेल्या बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये) प्रश्नचिन्ह बाहेरच्या फंक्शनमधून परतत नाही, ब्रेक चालत नाही, रिटर्न म्हणजे कंटिन्यू होऊन बसतं. एररचं काम आलं की लूपच.

रावेर_बाग
ट्राय-फॉर-ईच नावाची वस्तू ऐकली नाही वाटतं. प्रश्नचिन्हही चालतं, मध्येच थांबताही येतं.

तापीकाठ
चालतं. ओळ क्रमांक, खराब यादी आणि बफर, तिघांनाही तुमच्या क्लोजरमध्ये म्यूटेबल (बदलता येईल असं) बॉरो करून दाखवा, मग शेवटी ओके लिहायला विसरू नका, मग एररचा टाइप कंपायलरला समजावा. तोवर ताईंचा लूप जेवून झोपलेला असेल.

रावेर_बाग
बरं बाबा. फाइल वाचायला लूप तुमचा. पण वजनं व्हेकमध्ये आल्यावर त्यांच्यावर इंडेक्स फिरवताना कुणी दिसलं तर मी पुन्हा लिहिणार.

पांझरा_वारा
ताई, तुमच्या कृतीत एक राहिलं. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट असतात. ट्रिम ते काढत नाही, कारण रस्टच्या लेखी ती व्हाइटस्पेस नाही. पहिला रकाना आकड्याचा असला तर पहिलीच नोंद खराब यादीत. हे सी प्लस प्लसवाल्याने सांगितलं, नोंद असावी.

एरंडोल_ताई
नोंद घेतली. पहिल्या ओळीपुरतं स्ट्रिप-प्रीफिक्स (सुरुवातीचा ठरावीक भाग काढणं), बाइट स्लाइसवरही चालतं. हेडर असेल तर ती ओळ तशीही सोडायची असते. नसेल तर तुमचं बरोबर, आणि ते तीन बाइट एररमध्ये छापले तरी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून खराब ओळी छापताना डीबग फॉरमॅटने छापा.