ओनरकडून डायरेक्ट वॅगनआर घेतोय, टोकन देऊ का थांबू?

नवा_ड्रायव्हर (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार मंडळी, आयुष्यातली पहिली गाडी घेतोय, बजेट तीन-सव्वातीन लाख. डीलरकडे तेच मॉडेल चाळीस-पन्नास हजारांनी महाग पडतंय म्हणून डायरेक्ट ओनरकडून घ्यायचं ठरवलं. सिडकोत 2017 ची वॅगनआर व्हीएक्सआय बघून आलो, एमएच 15 पासिंग, पेट्रोल, मीटरवर 43 हजार, आतून एकदम चकाचक. 3 लाख 10 हजार सांगतोय, 2.90 ला तुटेल असं वाटतं. आता गोम अशी की आरसी त्याच्या नावावर नाही, मेव्हण्याच्या नावावर आहे आणि मेव्हणा पुण्याला असतो, पण टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म) सही करून ठेवलीय टेन्शन घेऊ नका म्हणतो. उद्या सकाळी दुसरी पार्टी येणारे म्हणून आजच दहा हजार टोकन पाठवा असं चाललंय. बायको म्हणते घेऊन टाका, सासरे म्हणतात मिस्त्रीला दाखवा, आणि मला बॉनेट कुठून उघडतं एवढंच माहितीये. काय काय बघू?

सातपूरकर
पहिलं म्हणजे टोकन पाठवू नको. ती दुसरी पार्टी प्रत्येक गाडीला असते आणि ती नेहमी उद्या सकाळीच येणार असते.

गाडीचं म्हणशील तर सकाळी लवकर जा आणि जायच्या आधी फोन करून सांग की चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघ, गरम असेल तर आधीच फिरवून आणलीय असं समज. गार इंजिनला चालू करताना किती वेळ घेते, कसला आवाज येतो, मागून निळा धूर येतो का (येत असेल तर ऑइल जळतंय) हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं, गरम झाल्यावर बरंच काही लपतं. मग दारांचं रबर बीडिंग ओढून आतला पत्रा बघ, कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, ते नसतील किंवा तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर गाडी कुठेतरी ठोकलीये. सगळ्या काचांवर कोड असतो, एखादीच वेगळ्या सालातली निघाली तर विचार ही का बदलली. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, स्टेपनीचे पण बघ. आणि 43 हजार चाललेल्या गाडीचं क्लचचं पॅडल गुळगुळीत झालेलं नसतं, स्टिअरिंगपण नाही. सीटकव्हर नवं टाकता येतं पण पॅडल बदलायचं कोणाच्या लक्षात येत नाही 😄

जुना_पापी
वरचं सगळं बरोबर पण मला त्या मेव्हण्याचीच भीती वाटते. इंजिन खराब निघालं तर पैसे घालून नीट होतं, कागद खराब निघाले तर गाडी दारात उभी राहते बस.

माझंच सांगतो, मी माझी जुनी गाडी एका एजंटला विकली, टीटी फॉर्मवर म्हणजे 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या, पैसे घेतले, पेढे वाटले, विषय संपला. अडीच वर्षांनी माझ्या मोबाईलवर ई-चलान यायला लागले, ती गाडी चौथ्या माणसाकडे होती आणि कागदावर अजून माझीच. मधल्या कोणी ट्रान्सफरच केली नाही, कोरे फॉर्म पुढे पुढे सरकत गेले. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो हे मला तेव्हा समजलं. आणि हे नुसतं चलानवर भागत नाही, अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव तोच मालक धरतात, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलंय. म्हणजे तो मेव्हणा खरंच असेल तर त्यालाही माहीत पाहिजे गाडी विकली जातेय. त्याच्याशी स्वतः बोल, पैसे त्याच्याच खात्यात टाक, कॅश नको. मालक वारले असतील तर 31 नंबरचा फॉर्म लागतो, वारसाच्या नावावर आधी होते.

आणखी, परिवहनच्या साईटवर नंबर टाक, बोजा म्हणजे गाडीवर कर्ज आहे का ते कळेल. बँकेचं नाव दिसत असेल तर लोन फिटलंय हे तोंडी सांगितलेलं चालत नाही, बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म लागतो, तो बोजा त्यालाच उतरवायला लाव. चलानपण तपास. इन्शुरन्सची पॉलिसी मागून त्यावर एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट किती आहे ते बघ, पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्के असतो, शून्य दिसला तर विचार गेल्या वर्षी काय ठोकलं. तो एनसीबी तुला मिळत नाही बरं का, विकणाऱ्याचाच राहतो, आणि पॉलिसी 14 दिवसांत तुझ्या नावावर करून घे.

गंगाघाट
नाशकात गाडी घेतोयस तर पुराचं बघ रे. दरवर्षी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याचे फोटो टाकतात पण घाटावर लावलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते कोणी टाकत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, खालच्या टोकाला गाळाची रेघ असते. मॅट उचलून कार्पेटच्या खाली हात घाल. आणि अत्तराचा फार घमघमाट असला तर समजून जा.

नवा_ड्रायव्हर
अपडेट देतो. टोकन नाही पाठवलं. आज सकाळी सासऱ्यांच्या मिस्त्रीला घेऊन गेलो, इंजिन बरं आहे म्हणाला, उजवीकडचा पुढचा दरवाजा रंगवलाय तेवढा. मी खूश होतो खरं सांगायचं तर. मग डॅशबोर्डच्या खणात सर्व्हिस बुक सापडलं आणि त्याच्या मागच्या खिशात 2021 चं बिल, त्यावर किलोमीटर 68 हजार!! आत्ता मीटरवर 43. आणि बिलावर मालकाचा मोबाईल नंबर पण होता, बाहेर येऊन लावला. तो पुण्याचा माणूस म्हणतो मी कोणाचा मेव्हणा नाही, गाडी दोन वर्षांपूर्वी एजंटला दिली, अजून माझ्याच नावावर आहे का? मलाच उलट विचारायला लागला आता मी काय करू. त्याला जुना_पापी यांची वरची पोस्ट पाठवलीय.

सिडकोवाल्याला विचारलं तर म्हणे मीटर बदललं होतं, आणि 2.50 ला देतो म्हणाला.

रविवारी म्हसरूळला एक 2018 ची बघायला जातोय, आरसी विकणाऱ्याच्याच नावावर आहे हे आधीच विचारून घेतलंय. कोणी येतंय का सोबत? मिसळ माझ्याकडून.

सातपूरकर
येतो. पण मिसळ नंतर, गाडी आधी, साडेसातला. त्याला सांग चालू करून ठेवू नको.