क्विल्टचा टॉप वाकडा शिवलेला, निस्तरायचं कोणी?

उलटीटीप:

कापडवेडी यांनी परवा जे लिहिलं ते वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आईच्या सुती साड्यांचे तुकडे जोडून त्यांनी क्विल्टचा टॉप, म्हणजे सगळ्यात वरचा थर, शिवला, मशीन क्विल्टिंगला (तिन्ही थर मशीनने एकत्र शिवायला) दिला, आणि काम घेणाऱ्या बाईंनी महिन्याभराने 'किनार झोळतेय, उसवून आणा' म्हणून परत पाठवला. त्यावर कापडवेडींचा निष्कर्ष: 'पैसे घेता ना, मग आलेलं कापड शिवून द्या, आमची परीक्षा घेऊ नका.'

त्या बाई मी नव्हे. पण दादरला मी हेच काम करते, आणि ही अपेक्षा मला रोज भेटते.

टॉप क्विल्टिंग मशीनच्या फ्रेमवर चढला की दोन रुळांच्या मधला हात-दीड हाताचा पट्टाच माझ्यासमोर असतो. खाली अस्तर ताणून बसवलेलं, त्यावर मधला थर, सगळ्यात वर तुमचा टॉप. अस्तर सपाट आहे आणि टॉप नाही, तर जास्तीचं कापड जाणार कुठे? मी शिवत येते तसं ते पुढेपुढे सरकतं आणि शेवटी किनारीपाशी चुण्या होऊन बसतं. मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) त्या चुणीत अडकलं की सुई मोडते, टाके सुटतात, जुन्या साडीला भोकही पडतं.

हा झोळ येतो शिवणीतून. मार्जिन, म्हणजे शिवणीच्या आत जाणारं कापड, पाव इंच, साधारण ६ मिमी. एका ओळीत १६ चौकोन असले तर १५ शिवणी. प्रत्येक शिवणीत मार्जिन फक्त १ मिमी जास्त गेलं तर दोन्ही तुकड्यांचे मिळून २ मिमी गेले, ओळ ३ सेंमीने आखूड. शेजारची ओळ मापात असेल तर आखूड ओळ ओढूनताणून तिला जोडली जाते. त्रिकोण असतील तर आणखी वाईट, कारण त्यांची उरेब (तिरकी कापलेली) कड नुसत्या हाताळण्यानेही ताणली जाते.

किनारीचं तर विचारूच नका. दहातल्या नऊजणी लांब पट्टी घेतात, टॉपच्या कडेला लावत जातात आणि शेवटी उरेल ते कापतात. मशीनचे दात खालचं कापड पुढे खेचतात, वरचं मागे राहतं, त्यात टॉपची कड आधीच ताणलेली. पट्टी मापापेक्षा लांब लागते आणि कड लाटांसारखी होते. टॉप मधोमध मोजा, समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाने कापा, मध्य आणि टोकं टाचा, मग शिवा. एवढंच करायचं असतं.

थोडा झोळ मी जिरवू शकते. वाफ देऊन, मधे फुगीर थर घालून, दाट नक्षी भरून. पण त्याला वेळ लागतो, त्याचे वेगळे पैसे होतात, आणि त्यालाही मर्यादा आहे. मधला भाग दाट भरला की तो आक्रसतो आणि मोकळी किनार आणखी फडफडते.

माझी पद्धत सांगते. टॉप घेतानाच गिऱ्हाइकासमोर जमिनीवर पसरते, तीन ठिकाणी मोजते, झोळ कुठे आहे ते हाताने दाखवते. उसवायचं, जादा पैसे देऊन जिरवायचं, की चुण्या पडतील हे मान्य करून तसाच शिवायचा, ते त्यांनी ठरवायचं. मात्र नंतर 'तुमच्या मशीनने चुण्या पाडल्या' हे मी ऐकून घेणार नाही.

काठपदर:

पूर्ण अनुमोदन. शिवणी इस्त्रीने बसवून आणा, हेही लिहा. आणि मागचे दोरे कापा. पांढऱ्या तुकड्याखालून काळा दोरा दिसतो, तो क्विल्टिंग झाल्यावर काढता येत नाही.

कापडवेडी:

माझ्या नावाने धागा निघालाच आहे तर माझी बाजूही वाचा.

आई गेली. कपाटात तिच्या सुती साड्या होत्या, धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या. शिवणकाम मला येत नाही. व्हिडिओ बघून शिकले, रात्री सगळे झोपल्यावर शिवलं. कोपरे जुळले नाहीत हे मलाही दिसत होतं. तुम्ही जमिनीवर पसरून दाखवता, ते छान आहे. मला कोणी दाखवलं नाही. पिशवी घेतली, पावती दिली, महिनाभर एक फोन नाही, आणि पिशवी परत आली तेव्हा आत टॉपला चिठ्ठी टाचलेली. तुम्ही त्या बाईंची बाजू घेताय, पण त्यांनी तुमच्यासारखं काहीच केलेलं नाही.

आणि वाकडेपणाचा इतका तिटकारा का? अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड गावच्या काळ्या बायकांची क्विल्ट बघा. जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली, एकही रेघ सरळ नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागली, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यांना कोणी उसवून आणा म्हटलं नाही.

उलटीटीप:

फोन करायला हवा होता, शंभर टक्के. चिठ्ठी टाचून पाठवणं मला मुळीच पटलेलं नाही.

पण गीज बेंडचं उदाहरण इथे लागू होत नाही. रेघ वाकडी असणं आणि कापड झोळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाकडी रेघ सपाट बसली असेल तर मी डोळे झाकून शिवीन. शिवाय ती क्विल्ट हाताने भरलेली आहेत. हाताने भरणारी बाई प्रत्येक टाक्याला कापड बोटाने सरकवते, झोळ थोडा थोडा सगळीकडे वाटून टाकते. मशीनला बोटं नाहीत.

धावदोरा:

मग हाताने शिवा ना! इतकी चर्चा कशासाठी?

माझी आजी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आठ माणसं. तिथे कुठली फ्रेम आणि कुठले रूळ? दुपारी पुरुषमंडळी पाळीवर गेली की गॅलरीत लुगडं अंथरायचं, त्यावर जुनी धोतरं, वर दुसरं लुगडं, चारी कडांना दगड. बाहेरून आत, ओळीमागून ओळ धावदोरा. मापाची पट्टी तिच्या घरात नव्हती आणि तिची एकही गोधडी झोळली नाही. ती गोधडी अंगाला लागते. मशीनचं क्विल्ट पुठ्ठ्यासारखं कडक, आत पॉलिस्टर, मुंबईच्या हवेत घाम फुटतो.

आईच्या साड्या मशीनखाली घालण्यापेक्षा एखाद्या गावाकडच्या बाईकडून हाताने शिवून घ्या. त्यात माया असते.

परळकर:

धावदोरा ताई, माया असते हे मान्य. पैसे किती असतात ते सांगा.

संप झाला १९८२ साली. वडिलांची गिरणी त्यानंतर त्यांच्यासाठी उघडलीच नाही. आईने काय केलं? लोकांच्या गोधड्या शिवल्या. अशाच चाळीच्या गॅलरीत, अशाच दगडांनी कडा दाबून. डावा हात सुजायचा, बोटाच्या टोकाला घट्टे. आणि पैसे द्यायच्या वेळी शेजारणी म्हणायच्या, 'अगं, तुझा वेळ जातो त्यात.' कोणी जुनी साडी द्यायचं, कोणी वाटीभर डाळ. घरात चूल पेटायची होती आणि लोकांना तिच्या शिवण्यात माया दिसत होती.

आज माझी मावशी साताऱ्याकडे गोधड्या शिवते. नेणारा माणूस तिला एका गोधडीचे तीनशे रुपये देतो. तसलीच गोधडी मी मुंबईतल्या प्रदर्शनात पाच हजारांची चिठ्ठी लावलेली पाहिली. महिनाभर ती बाई वाकून बसते. गीज बेंडचं कौतुक झालं, तिथल्याच काही बायकांना २००७ मध्ये पैशांसाठी आणि हक्कांसाठी कोर्टात जावं लागलं, हेही लिहा.

धावदोरा:

तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण व्यापारी लुबाडतो म्हणून हातकामच वाईट, हे कुठलं तर्कशास्त्र? सगळ्यांनी मशीनकडे वळायचं म्हटलं तर तुमच्या मावशींना तीनशेही मिळणार नाहीत.

परळकर:

हातकाम वाईट असं मी कुठे लिहिलं? पुन्हा वाचा. हाताचं काम मशीनपेक्षा महाग असायला हवं, कितीतरी पट महाग. तुम्ही 'गावाकडच्या बाईकडून शिवून घ्या' म्हणालात ते स्वस्तात होईल म्हणून म्हणालात. नसेल तर सांगा, तुम्ही शेवटची गोधडी शिवून घेतली तेव्हा काय दिलं?

धावदोरा:

हा वैयक्तिक प्रश्न आहे आणि मी उत्तर द्यायला बांधील नाही.

परळकर:

आलं उत्तर.

काठपदर:

काका, जरा सबुरीने. त्या वाईट हेतूने लिहीत नाहीयेत.

परळकर:

वाईट हेतूने कोणीच लिहीत नाही. माझी आईही कोणाच्या वाईट हेतूने उपाशी राहिली नव्हती.

बॉबिन:

विषयांतर फार झालं, पण परळकरांचा मुद्दा मूळ विषयाला लागू आहे असं मला वाटतं. कापडवेडींचं म्हणणं काय होतं? पैसे घेता तर शिवून द्या. म्हणजे आम्ही जिरवलेला झोळ त्या पैशांत फुकट. मी घरगुती मशीनवर क्विल्टिंग करते. कापड खेचणारे दात खाली पाडून, कापड मोकळं फिरू देणारं डार्निंग फूट लावून. मशीनच्या गळ्यात, म्हणजे सुईशेजारच्या मोकळ्या जागेत, क्विल्टची गुंडाळी कोंबून दोन्ही हातांनी कापड फिरवायचं, खांदे भरून येतात. क्वीन साइझचं, म्हणजे ९० बाय १०० इंचांचं क्विल्ट घेतलं तर साडेबासष्ट चौरस फूट होतात. त्यातला प्रत्येक फूट मी बोटांनी सपाट करत शिवायचा, आणि दर मात्र सपाट टॉपचाच. शिंप्याकडे कापड कमी नेलं तर तो सरळ सांगतो, बाही होणार नाही. त्याला कोणी परीक्षा घेतोस म्हणत नाही.

धावदोरा:

परळकर, रात्री विचार केला. शेवटच्या गोधडीचे मी जे दिले ते कमी होते का, हे मी इथे लिहिणार नाही. पुढच्या वेळी बाईंना आधी त्यांचा दर विचारीन आणि घासाघीस करणार नाही, एवढं लिहिते. पॉलिस्टरबद्दलचं माझं मत तेच आहे.

परळकर:

चालेल. पॉलिस्टरबद्दल मीही तुमच्याच बाजूचा.

उलटीटीप:

पॉलिस्टरची बाजू मी घेते मग. सुती थर उबदार आणि मऊ, पण तो टॉपचा एकही दोष झाकत नाही, आणि धुतल्यावर आटतो. जुलैमध्ये मुंबईत तो तीन दिवस वाळत नाही, वास धरतो. फुगीर पॉलिस्टर झोळ पोटात घेतं आणि रात्रीत वाळतं. घाम येतो हे खरं. ज्याला पंख्याखाली पांघरायचं आहे त्याने सुती घ्यावं, पण मग टॉप सपाट आणावा.

कापडवेडी, तुमच्या साड्यांबद्दल एक विचारायचं होतं. तुकडे कापण्याआधी खळ केली होती का? धुऊन मऊ झालेली साडी सुळसुळते आणि चारी बाजूंनी ताणते. साबुदाण्याची घट्ट खळ देऊन, इस्त्री करून मग कापायची. माझा अंदाज आहे की तुमचे कोपरे तुमच्या हातामुळे चुकलेले नाहीत, कापडामुळे चुकले.

कापडवेडी:

खळ नव्हती केली. कोणी सांगितलंच नाही. त्या चिठ्ठीत हे एक वाक्य असतं तरी मला इतका राग आला नसता.

उसवायला मी तयार आहे, किनारही आणि बाहेरच्या दोन ओळीही. त्याचे पैसे द्यायलाही तयार आहे. पण मापात बसवायला कुठलाही तुकडा छाटू देणार नाही. एका कोपऱ्यात तिच्या इरकलीचा पदर आहे, तो पुरा राहिला पाहिजे. यावर मी मागे हटणार नाही.

उलटीटीप:

छाटायचं नाही. उसवलेल्या ओळींना आता खळ द्या, उलट्या बाजूने इस्त्री दाबून ठेवा, घासू नका. ज्या ओळी आखूड आहेत त्यांच्या टोकाला पट्टी जोडून त्या मापात आणू, पदराला हात लागणार नाही. पट्टीसाठी त्याच साड्यांचं उरलेलं कापड आणा. नसेल तर मंगळदास मार्केटमधून साधं कॅम्ब्रिक (बारीक विणीचं सुती कापड) घ्या आणि आणण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढा, नाहीतर नंतर तेच आटेल. अस्तर चारी बाजूंनी टॉपपेक्षा ४ इंच मोठं लागेल.

जिरवण्याचे जादा पैसे मी घेणार, ते आताच सांगते. शनिवारी दुपारी या, जमिनीवर पसरू आणि तुमच्यासमोर मोजू.